स्पीड शंभर, तरी आवाज उशिरा

मगरिब झाली की आमच्या घरात धाकटीचा सबक सुरू होतो. हाफिजसाहेब रत्नागिरीजवळच्या त्यांच्या गावी, धाकटी परळच्या आमच्या दोन खोल्यांत, आणि मध्ये व्हिडिओ कॉल. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मदरसे बंद पडले तेव्हा पुष्कळ घरांनी ही वाट धरली, आणि जिथे उस्ताद चांगले मिळाले तिथे ती पुढेही चालू राहिली. आमचेही तसेच झाले. धाकटी कायदा संपवून तिसाव्या पाऱ्यावर आली होती.

गेल्या पावसाळ्यात मात्र काहीतरी बिनसले. हाफिजसाहेब टोकायचे आणि धाकटी भलताच शब्द दुरुस्त करायची. "मोठा काफ, बेटी, घशातून," असे ते म्हणेपर्यंत ती दोन शब्द पुढे गेलेली असे. मग ती ज्या शब्दावर असे तोच पुन्हा म्हणे, आणि त्यात मोठा काफ नसेच. मद्दचे तर पार विस्कटले. तिने चार हरकतींइतकी ओढलेली मद्द पलीकडे कधी दोनच ऐकू जाई, कधी मध्येच तुटून पुन्हा सुरू होई. हाफिजसाहेब शांत स्वभावाचे आहेत. पण महिनाभर हेच चालल्यावर त्यांनी आम्हाला वेगळा फोन करून सांगितले, "मुलीचे लक्ष नाही. पुन्हा नूरानी कायद्यापासून सुरू करू या." धाकटीने हे दाराआडून ऐकले. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "अब्बू, मला नाही शिकायचं."

आम्ही पडलो शिक्षक. मूल मागे पडले की कारण मुलातच शोधायचे, ही आमच्या पेशातली जुनी खोड. आधी तिला बोललो. मग कॉल अडखळतो आहे हे आमच्याही कानाला लागले, तेव्हा रोख थोरल्याकडे वळला. तो अकरावीत आहे आणि संध्याकाळी मोबाइलवर मित्रांबरोबर गेम खेळतो. सगळे नेट हाच खातो, असे आम्ही ठरवून टाकले आणि मगरिब ते इशा त्याचा फोन कपाटात ठेवायला लागलो. तो दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. कॉल मात्र तसाच अडखळत राहिला.

मग सगळे जे करतात तेच आम्ही केले. प्लॅन वाढवला. चाळीस एमबीपीएसचा होता तो शंभरचा घेतला, महिन्याचा खर्च वाढला. केबलवाल्याचा मुलगा आला, मोबाइलवर स्पीड मोजून दाखवला, काटा शहाण्णववर गेला. "नेट एकदम ओके आहे," म्हणाला आणि गेला. तो खोटे बोलत नव्हता. स्पीड खरोखरच शहाण्णव होता. त्याच संध्याकाळी धाकटीचा सबक पुन्हा दीड सेकंद मागे धावत होता.

उलगडा केला तो आमच्या भाच्याने. तो भायखळ्याला साबू सिद्दीकमध्ये इंजिनीअरिंग शिकतो. रविवारी जेवायला आला होता, सगळी हकीकत ऐकली आणि एकच प्रश्न विचारला: "मामू, स्पीड मोजला तेव्हा घरात दुसरं काय चालू होतं?" काहीच नव्हते. सकाळचे अकरा वाजले होते, मुले शाळा-कॉलेजात, आमचाही फोन आमच्याबरोबर शाळेत. "मग रिकाम्या रस्त्यावर गाडी किती पळते एवढंच कळलं. गर्दीत काय होतं ते कुठे कळलं?"

त्याने जी चाचणी करून दाखवली ती कोणालाही करता येते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नेटचा स्पीड आणि नेटची दिरंगाई या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एका सेकंदात किती माल जाऊ शकतो, तो स्पीड. एक छोटी चिठ्ठी पाठवली आणि तिची पोच परत आली, तर त्याला किती वेळ लागला, तो पिंग किंवा लेटन्सी. ही मिलिसेकंदात मोजतात, हजार मिलिसेकंदांचा एक सेकंद. मोबाइलवर ऊकलाचे स्पीडटेस्ट ॲप टाकले तर पिंगचे तीन आकडे दिसतात: एक नेट मोकळे असतानाचा, दुसरा डाउनलोड जोरात चालू असतानाचा, तिसरा अपलोड जोरात चालू असतानाचा. आपण सगळे फक्त तो मोठा स्पीडचा आकडा पाहतो आणि ॲप बंद करतो. हे तीन बारीक आकडे पाहायचे असतात. नेटफ्लिक्सची फास्ट डॉट कॉम ही साइटही असेच दाखवते. तिथे 'शो मोअर इन्फो' दाबले की अनलोडेड आणि लोडेड असे लेटन्सीचे दोन आकडे येतात. वेव्हफॉर्म नावाच्या कंपनीची एक चाचणी आहे, ती तर थेट परीक्षेसारखी ए प्लसपासून एफपर्यंत श्रेणीच देते.

आमच्या घराचे तीन आकडे असे आले: मोकळे असताना ६, डाउनलोड चालू असताना १४०, अपलोड चालू असताना १,३८०. वेव्हफॉर्मने एफ दिला. मास्तरांच्या घराला एफ मिळाला म्हणून भाचा आणि थोरला किती वेळ हसत होते ते इथे सांगत नाही.

तो १,३८० चा आकडा म्हणजेच आमच्या धाकटीचा महिनाभराचा त्रास. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे बोलण्याला एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंत उशीर झाला तर माणसाला फारसा जाणवत नाही, आणि ४०० च्या पुढे गेला की तो मान्य करण्यासारखा राहत नाही. इथे धाकटीचा आवाज घराबाहेर पडायलाच सव्वा सेकंदाहून जास्त लागत होता. हाफिजसाहेबांचा आवाज इकडे वेळेवर येत होता, तिचा तिकडे उशिरा पोहोचत होता. ते जिथे टोकत होते तिथून ती केव्हाच पुढे निघून गेलेली असायची. पोरगी लक्ष देत होती. आम्हीच देत नव्हतो.

पण अपलोड करत होते कोण? थोरला तर नाही. भाच्याने सांगितले की असल्या गेमला डेटा फार थोडा लागतो, व्हिडिओ कॉलपेक्षा कितीतरी कमी. त्याला हवी असते ती तत्परता, स्पीड नव्हे. म्हणजे थोरला या प्रकरणात गुन्हेगार नव्हता, धाकटीसारखाच पीडित होता. त्याचा गेमही संध्याकाळीच अडकत होता आणि तो आम्हाला तेच सांगत होता. आम्ही ऐकून घेतले नव्हते.

अपलोड करत होता आमचाच फोन. शाळेतल्या उपक्रमांचे, विज्ञान प्रदर्शनाचे, मुलांच्या भाषणांचे व्हिडिओ आम्ही दिवसभर काढतो. संध्याकाळी घरी आलो, फोन चार्जिंगला लावला, घरचे वायफाय मिळाले, की फोन गुपचूप ते सगळे बॅकअपला चढवायला घेतो. आम्ही घरी येतो असरनंतर. फोन निवांत होतो मगरिबच्या सुमारास. आणि सबक मगरिबनंतर! आमच्या प्लॅनचा डाउनलोड शंभर झाला तरी अपलोड जेमतेम आठच होता, जुन्या प्लॅनमध्येही तेवढाच. म्हणजे पैसे वाढवून आम्ही रुंद केला तो येणारा रस्ता, आणि कोंडी होती जाणाऱ्या रस्त्यावर.

तरीही एक शंका उरते. आठ एमबीपीएस काही कमी नाही. व्हिडिओ कॉलला एक-दोन पुरतात, नुसत्या आवाजाला तर एकाचा दहावा भागही पुरतो. मग बॅकअप चालू असताना कॉलला त्यातला वाटा का मिळू नये?

याचे उत्तर चाळीत वाढलेल्या माणसाला लगेच कळेल. आमच्या लहानपणी मजल्यावर एकच नळ. फजरला उठलेल्या माणसाला वजूसाठी लोटाभर पाणी हवे असायचे, आणि पुढे कोणीतरी दोनशे लिटरचे पिंप लावून बसलेले असायचे. नळाला पाणी भरपूर होते, धार मोठी होती. पण पिंप भरेपर्यंत लोट्याने थांबायचे. आणि समजा त्या पिंपवाल्याने मागे आणखी सात पिंपे रांगेत लावून ठेवली असतील तर? धार दुप्पट केली तरी लोटेवाल्याची नमाज कजा होण्याची पाळी येणारच. आवाजाची चिठ्ठी हा लोटा आहे. आमचा व्हिडिओ बॅकअप हे पिंप आहे.

ही रांग लागते राउटर किंवा मोडेमच्या आत, एका छोट्याशा साठवणीत. तिला बफर म्हणतात. बाहेर जाणारा माल तारेत मावेना झाला की तेवढ्यापुरता इथे थांबतो. थोडी साठवण हवीच, नाहीतर जरा गर्दी झाली की माल सांडेल. पण मेमरी स्वस्त झाली तशी यंत्रे बनवणाऱ्यांनी ही साठवण वाढवत नेली. जास्त म्हणजे चांगले, असा हिशेब. आमच्याच घरचे गणित करून पाहा. साठवण दहा लाख बाइटची धरली तर ते झाले ऐंशी लाख बिट. अपलोड सेकंदाला ऐंशी लाख बिट. म्हणजे भरलेली साठवण रिकामी व्हायला पुरा एक सेकंद, आणि सगळ्यात मागे उभ्या राहिलेल्या चिठ्ठीला तो एक सेकंद थांबणे भाग. सातवीच्या मुलालाही सुटेल असे हे उदाहरण आहे. आम्ही वर्गात घातलेसुद्धा.

बरे, पाठवणारा फोन हावरटासारखा इतका माल का कोंबतो? तो मुद्दाम करत नाही. इंटरनेटची शिस्तच अशी आहे की पाठवणाऱ्याने हळूहळू वेग वाढवत जायचा आणि एखादे पाकीट वाटेत हरवले की समजायचे, गर्दी आहे, आता जरा मागे या. ही शिस्त लागली एका फजितीनंतर. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत बर्कली येथे प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांच्यातला दुवा असा कोंडला की सेकंदाला ३२ हजार बिटांचा वेग ४० बिटांवर आला. अंतर किती, तर चालत पाच मिनिटांचे. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा माग काढला आणि १९८८ साली गर्दी ओळखून मागे सरण्याची रीत मांडली. आज आपल्या सगळ्यांचे फोन तीच किंवा तिच्या पोटातून निघालेली रीत पाळतात. पण ही रीत पाकीट हरवण्यावर अवलंबून आहे. साठवण फार मोठी असली तर पाकीट लवकर हरवतच नाही, नुसते रांगेत उभे राहते. पाठवणाऱ्याला वाटते, सगळे छान चालले आहे, आणखी पाठवू या. पिंपामागे पिंप लागत जाते.

गंमत म्हणजे हा दोष जगाच्या नजरेत आणून दिला तोही एका घरातल्या माणसानेच. जिम गेटिस हे संगणक क्षेत्रातले नामांकित अभियंता. २०१० मध्ये ते घरून मोठ्या फाइली पाठवत असताना घरचे नेट मरगळल्यासारखे झाले. मोजले तर पिंग एक सेकंदाच्या वर. त्यांनी शोध घेतला तेव्हा लक्षात आले की हा एका घराचा किंवा एका कंपनीचा दोष नाही, सगळीकडेच साठवण फुगली आहे. त्यांनी या रोगाला नाव दिले बफरब्लोट, म्हणजे फुगलेला बफर. पुढे २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची तोड काढली. रांग किती लांब आहे हे ती पाहत नाही. पाकिटाला रांगेत किती वेळ थांबावे लागले, हे पाहते. पाच मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबावे लागते आहे आणि हे शंभर मिलिसेकंद सतत चालू आहे असे दिसले, की ती एखादे पाकीट टाकून देते. पाठवणारा लगेच समजतो आणि हात आवरता घेतो.

याच्याच जोडीला प्रत्येकाची रांग वेगळी करण्याची युक्ती जोडली गेली. लालबागला गणपतीच्या दिवसांत नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी असते, हे आम्ही आमच्याच रस्त्यावर दरवर्षी पाहतो. ज्याला नुसते दोन मिनिटांत पाहून जायचे आहे त्याने रात्रभर उभे राहायचे कारण नाही. नळावर बोलायचे तर, पिंपवाल्यानेही एकेक कळशी भरायची आणि मागे जायचे. लोटेवाला आला की त्याचा लोटा पहिल्याच फेरीत भरतो, आणि पिंपवाल्याचेही फारसे काही जात नाही. एफक्यू-कोडेल असे या जोडयुक्तीचे नाव. लिनक्समध्ये ती २०१२ पासून आहे, आणि तिची आणखी सुधारलेली बहीण केक २०१८ मध्ये आली. या कामामागे वर्षानुवर्षे लागलेल्या मंडळींत डेव्ह टॅट हे एक प्रमुख नाव, बरेचसे काम फुकट आणि सर्वांसाठी खुले. ते २०२५ मध्ये वारले. आमच्या धाकटीचा सबक सुधारण्यात त्यांचाही हात आहे.

आता घरात काय केले ते. पहिली गोष्ट फुकटची: आमच्या फोनचा बॅकअप बंद केला आणि तो रात्री झोपताना हाताने चालू करायचा असे ठरवले. तेवढ्यानेच त्या संध्याकाळी सबक सुरळीत झाला. पण हाताने करायच्या गोष्टी आम्ही विसरतो, हे आमचे आम्हाला ठाऊक आहे. शिवाय घरात एकच फोन नाही. विंडोजचा लॅपटॉप अपडेट घेतो, वर तेच अपडेट इंटरनेटवरच्या दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरना पुरवण्याचीही सोय त्यात असते. सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पोटात 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' आहे, तिथे ती बंद करता येते आणि अपलोडला मर्यादाही घालता येते. कोणाच्या घरी कॅमेरा लावलेला असेल आणि त्याचे चित्रण सतत बाहेर साठवले जात असेल, तर तोही अपलोड खाणाराच.

कायमचा इलाज राउटरमध्ये आहे. केबलवाल्याने दिलेल्या यंत्रात काही करता येईना, म्हणून भाचा आम्हाला ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर घेऊन गेला. गिरगावातून चालत जाण्यासारखा हा रस्ता, पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग. कॉम्प्युटरचे सामान घ्यायला सगळी मुंबई इथे येते. दुकानदार आधी आम्हाला सहा अँटेनांचा, कोळ्यासारखा दिसणारा महागडा राउटर दाखवायला लागला. भाच्याने विचारले, "यात एसक्यूएम आहे का?" दुकानदार गप्प. एसक्यूएम म्हणजे हीच शहाणी रांग. शेवटी घेतला तो साधा राउटर, ज्याच्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही खुली प्रणाली चढवता येते. ती चढवण्याचे काम भाच्याने केले. आमच्याने झाले नसते, हे कबूल करतो. ज्यांना असा भाचा नाही त्यांनी आपल्या राउटरच्या सेटिंगमध्ये क्यूओएस किंवा बँडविड्थ कंट्रोल या नावाखाली काही आहे का ते आधी पाहावे. पुष्कळ साध्या राउटरमध्येही एकूण अपलोडला मर्यादा घालता येते, आणि तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

मर्यादा घालायची म्हणजे किती? इथे एक उलटी वाटणारी गोष्ट करायची असते. मोजलेल्या स्पीडपेक्षा थोडा कमी आकडा राउटरला सांगायचा, साधारण शेकडा दहा ते पंधराने कमी. आमचा अपलोड आठ, आम्ही सात ठेवला. अम्मींना हे मुळीच पटले नाही. "पैसे भरून घेतलेलं नेट आपणच कमी करायचं?" पण कारण असे की रांग लागणारच असेल तर ती केबलवाल्याच्या मुक्या यंत्रात लागू द्यायची नाही, आपल्या शहाण्या राउटरमध्ये लागू द्यायची. आपण जरा कमी सोडले की पुढच्या यंत्रात कधी तुंबतच नाही. सातव्या हिश्श्याएवढा वेगही गेला नाही, आणि त्याच्या बदल्यात आकडे आले ६, १८ आणि २४. बॅकअप जोरात चालू असताना, बरे का. महिनाअखेरीस आम्ही शंभरचा प्लॅन सोडून पुन्हा चाळीसवर आलो आणि डाउनलोडची मर्यादा छत्तीस केली. राउटरचे पैसे त्यातून हळूहळू वसूल होतील. अम्मींना एवढा भाग पटला.

हे सगळे करण्याआधी दोष खरोखर रांगेचाच आहे का, हे मात्र तपासावे. कारण दिरंगाई आणखी दोन ठिकाणांहून येते. एक म्हणजे वायफाय. नायगाव, ना. म. जोशी मार्ग, वरळी इथल्या बीडीडी चाळींतल्या खोल्या १६० चौरस फुटांच्या, आणि खोलीगणिक एक राउटर. आमच्या इमारतीत भाच्याने मोजले तर एकतीस वायफाय दिसत होती. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. एकतीस घरे तीन गल्ल्यांत! एक बोलत असताना दुसऱ्याने थांबायचे, हा हवेतला नियम आहे. त्यामुळे शेजाऱ्याच्या घरचा सिनेमाही आपला कॉल थांबवतो. यावर उपाय म्हणजे फोन ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ठेवणे. तिथे चॅनेल जास्त आहेत, आणि त्या लहरी भिंतीपलीकडे फारशा जात नाहीत. मोठ्या बंगल्यात हा दोष, आमच्यासारख्या दोन खोल्यांत गुणच. राउटर कपाटावर डब्यांच्या मागे दडवलेला असेल तर तो बाहेर काढा. टीव्ही जागचा हलत नाही, त्याला तार जोडा, हवेतली गर्दी तेवढी कमी होते.

वायफायचा दोष की रांगेचा, हे ओळखायला लॅपटॉप तारेने राउटरला जोडून तीच चाचणी पुन्हा करायची. तारेवरही आकडा फुगला तर रांग. तारेवर ठीक आणि वायफायवर वाईट, तर हवा.

दुसरे ठिकाण म्हणजे केबलवाल्याची पुढची तार. एकाच मोठ्या जोडणीवर त्याने गरजेपेक्षा जास्त घरे टाकली असतील तर संध्याकाळी सगळ्यांचेच नेट मंदावते. हे ओळखायला आम्ही फजरनंतर एकदा आणि इशानंतर एकदा असे आठवडाभर पिंग लिहून ठेवले, घरातले बाकी सगळे नेट बंद करून. विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट ही काळी खिडकी उघडायची, इंग्रजीत पिंग लिहायचे, जागा सोडून चार वेळा आठ, प्रत्येक आठच्या मध्ये टिंब, मग जागा सोडून आडवी रेघ आणि टी हे अक्षर. एंटर दाबले की सेकंदागणिक आकडा येत राहतो. चार आठ हा गुगलचा पत्ता. आमचे सकाळ-संध्याकाळचे आकडे सारखेच निघाले, म्हणजे केबलवाला निर्दोष. ज्यांचा आकडा सकाळी ६ आणि रात्री २०० येत असेल त्यांनी राउटर बदलून पैसे वाया घालवू नयेत. आकड्यांचा कागद घेऊन कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जावे, तक्रारीचा नंबर मागून घ्यावा, आणि तिथे दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे अर्ज करावा. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनी या दोन्ही पायऱ्या ठेवल्या आहेत. "नेट स्लो आहे" एवढ्या तक्रारीला उत्तर मिळते की राउटर बंद करून चालू करा. वेळ आणि आकडे लिहिलेल्या कागदाला तसे उत्तर देणे अवघड जाते.

समुद्रातली केबल तुटली तर मात्र आपण काहीच करू शकत नाही. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तजवळ केबली तुटल्या तेव्हा अर्ध्या हिंदुस्थानचे नेट गळाठले होते. पण तसे क्वचित होते. आमचे भाईजान कुवेतला असतात, आणि अम्मींशी बोलताना आवाज तुटला की आम्ही वर्षानुवर्षे समुद्रालाच दोष देत आलो. भाच्याने तोही हिशेब करून दाखवला. मुंबई ते कुवेत सरळ रेषेत पावणेतीन हजार किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे समुद्र ओलांडायला चौदा मिलिसेकंद, तार वाकडीतिकडी गेली म्हणून दुप्पट धरा. आणि आमच्या पलंगापासून दरवाजावरच्या त्या पेटीतून बाहेर पडायला १,३८०.

राउटर लागला त्या दिवशी आम्ही हाफिजसाहेबांना फोन करून सगळे सांगितले. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बेटीला बोलवा." धाकटीने तोच अडलेला सबक पुन्हा वाचला. त्यांनी वीस मिनिटांत तीन ठिकाणी टोकले, आणि तिन्ही ठिकाणी तिने तोच शब्द, तिथल्या तिथे, नीट केला. कायद्याचा विषय पुन्हा निघाला नाही. आता ती सूरह अन-नबाजवळ आली आहे. थोरल्याची आम्ही माफी मागितली. त्याने ती मोठ्या मनाने दिली आणि त्याच दमात विचारले की मग आता मगरिबनंतर फोन कपाटात ठेवायचा नाही ना.

अडचण झाली ती भाईजानची. अम्मी नात्यातल्या लग्नांचा विषय काढायला लागल्या की ते पूर्वी म्हणायचे, "अम्मी, आवाज कटतोय, नंतर करतो." परवा तसेच म्हणाले. अम्मींनी चष्मा वर केला, राउटरच्या हिरव्या दिव्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "इकडे तर अगदी स्पष्ट येतोय. बोल."